गोजरबाईचा तळहात

बदनापूर स्टेशनापासून दोन कोसांवर, दुधनेच्या काठी वरुडखेडा नावाचं गाव होतं, आणि त्या गावात शहाण्यांचा कधी तुटवडा पडला नाही. निजामाचं राज्य होतं. शाळा धड नव्हती, दवाखाना नव्हता, रस्ता पावसाळ्यात नदीतच जमा व्हायचा. पण संध्याकाळी चावडीवर बसणारा एकूण एक माणूस सर्वज्ञ. गोजरबाई परटिणीला या सर्वज्ञांचा मनापासून तिटकारा होता. तो ऐकीव तिटकारा नव्हता. माणूस चावडीवर बसला की कसा दिसतो हे गावाला माहीत असतं, पण तो घरात कसा राहतो हे त्याचं धोतर घाटावर आल्यावर परटिणीलाच कळतं. सोवळ्याओवळ्यावर तासभर बोलणाऱ्याचं उपरणं कशानं डागलंय, ते तिला विचारावं लागत नसे. तेवढा कपडा दगडावर जरा जास्त जोरात आपटायची.

गोजरबाई भोकरदनकडची. नवव्या वर्षी लग्न होऊन वरुडखेड्यात आली. नवरा कारभारी स्वभावानं गरीब, गाढवावर ओझं लादताना गाढवाचीही माफी मागेल असा. खरी शिकवण मिळाली ती सासूकडून. सासू चतुराबाई हाताला धरून शिकवायची आणि चुकलं तर तोच हात पिळायची. पहिल्याच आठवड्यात तिनं सुनेला चुलीपुढं बसवलं आणि तिच्या वेणीतला एक केस ओढून निखाऱ्यावर टाकला. त्यावर रेशमाचा एक धागा टाकला.

"हुंग," ती म्हणाली. "काय फरक हाये?"

"काहीच न्हाई. वास एकच हाये."

"मंग ध्यानात ठेव. केस अन् रेशीम एका जातीचे. लोकरबी त्यातलीच. खारानं केस जातो, तसं रेशीम जातं. सुताला खार, रेशमाला रिठा. ह्यात ज्या दिशी चूक करशील त्या दिशी ह्या घाटावरून तोंड काळं कर."

गोजरबाईनं तीस वर्षांत ती चूक केली नाही. तिच्या हातून एक चिंधीसुद्धा जळाली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. नम्रपणा तिच्या गावी नव्हता.

त्या काळी परटाची भट्टी पापडखारावर चालायची. कपडे खाराच्या पाण्यात बुचकळायचे, रांजणाच्या तोंडावर रचायचे, खालून जाळ लावून वाफवायचे. मग एकोणीसशे पंचविसाच्या सुमाराला बदनापूरच्या गोपीकिशन शेटच्या दुकानात विलायती सोडा आला, पिठासारखा पांढराशुभ्र, गोणीतला. पहिल्यांदा गोजरबाईनं तो पसाभर घेऊन घंगाळातल्या पाण्यात सोडला आणि ढवळायला हात घातला, तर पाणी कोमट. खाली जाळ नाही, विस्तव नाही. दुसरी कुणी असती तर भुताटकी म्हणून घर गाठलं असतं. गोजरबाईला दिवाळीचा चुना आठवला. चुन्याची कोरडी कळी पाण्यात टाकली की पाणी कसं खदखदतं, हे भिंती सारवणाऱ्या प्रत्येक बाईनं पाहिलेलं असतं. हा सोडाही तसाच कोरडा आहे, पाणी भेटलं की अंगातली ऊब बाहेर टाकतो, एवढं तिनं मनाशी बांधलं आणि कामाला लागली. त्यानंतर नवा सोडा आला की ती आधी पाण्यात टाकून तळहातानं बघायची. तिच्या तळहाताला जे कळायचं ते तराजूला कळत नसे.

एका पावसाळ्यात याची चांगलीच प्रचीती आली. स्टेशनच्या मालधक्क्यावर गोपीकिशन शेटच्या सोड्याच्या गोण्या आठ दिवस भिजत पडल्या. उघडल्या तेव्हा आत पिठाच्या जागी खडे. काचेसारखे, आरपार दिसणारे, दिसायला इतके देखणे की खुद्द शेटजीला वाटलं, माल सुधारला. काकासाहेब त्या वेळी दुकानात तक्क्याला टेकून बसले होते.

हे काकासाहेब म्हणजे वरुडखेड्याचे मोठे जमीनदार, आणि चावडीवरच्या सर्वज्ञांचे मुकुटमणी. जालन्याला उर्दू शाळेत मिडलच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा परत आले. तेवढ्यातून 'सायन्स' हा शब्द तेवढा घेऊन आले. खिशाला फौंटन पेन असायचा. त्यात शाई असायचीच असं नाही. त्यांचा मेहुणा रामराव सावलीसारखा मागं असायचा. त्याच्याकडं एकच शब्द होता, "बराबर", आणि तो त्यानं जन्मभर पुरवला.

खडे पाहताच काकासाहेबांनी निकाल दिला. "शेटजी, हा रिफाइन माल हाये. सायन्समधी ज्याला खडा धरतो तो माल अव्वल."

"बराबर," रामराव म्हणाला.

गोजरबाई पायरीवर बसली होती. तिनं शेटजीच्या बायकोकडून, सुगनबाईकडून, तांब्याभर पाणी मागितलं, त्यात मूठभर खडे टाकले आणि हात बुडवला.

"गार पडून राह्यलं," ती म्हणाली. "पहा शेटजी, तुमीच पहा. पहिल्यापेक्षा गार."

शेटजीनं बोट बुडवलं, सुगनबाईनं बुडवलं. खरंच, पाणी माठातल्यासारखं गार.

"ह्या सोड्यानं आधीच पाणी पिलंय," गोजरबाई म्हणाली. "पोटभर पिऊन आलेला माणूस पाण्यात पडून काय हरखंल? कोरडा पसाभर टाकत होते, तिथं ह्याचे पावणेतीन पसे लागतेल. बाकी सगळं वजन पाण्याचं हाये."

गोपीकिशन शेटजी व्यवहाराला चोख माणूस. त्यानं दुसऱ्या गोणीतला कोरडा सोडा आणून पाहिला, पाणी कोमट झालं. मग खड्यांच्या गोण्या वेगळ्या काढल्या, त्यांचा भाव पाडला आणि गोजरबाईच्या ओच्यात सुगनबाईला शेरभर कोरडा सोडा घालायला लावला. "बाईचा हात सच्चा है," एवढंच म्हणाला.

काकासाहेबांना मात्र मिरच्या झोंबल्या. पण ते मोठे माणूस. मोठ्या माणसाला हरल्यासारखं वागता येत नाही. महिनाभरानं चावडीवर तेच सांगताना दिसले, "सोड्याची पारख मी काढली. पाण्यात टाकायचा अन् गरमी पहायची. जितकी गरमी जास्त, तितका सोडा अव्वल. सायन्स!" रामराव बराबर म्हणाला आणि चावडी मान डोलावू लागली. कारभारीनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा गोजरबाई भाकरी थापत होती.

"म्या असं म्हणलेच नव्हते," ती म्हणाली. "कोरडा कोणता अन् ओला कोणता, एवढंच म्हणले व्हते. त्या सोंगानं अर्धं चोरलं, अन् चोरलेलं अर्धंबी उलटं धरलं."

"जाऊ दे ना."

"जाऊच देते. त्याचं त्याला फळ मिळंल."

फळ मिळायला दहा वर्षं लागली. काकासाहेबांची थोरली उषा हिचं लग्न तीर्थपुरीच्या एका बड्या घरात जमलं. होणारी विहीण नंदाबाई बघायला आली तेव्हा काकासाहेबांनी आपल्या आईची पैठणी दाखवायला काढली. मोरपंखी अंगाची, वीतभर जरीच्या काठाची. जेवता जेवताच काढली, कारण दम कुठला, आणि पुरणपोळीच्या तुपाचा हात पैठणीच्याच पदराला पुसला. दाखवायचं तेवढं दाखवून झालं. नंदाबाईला पैठणी आवडली. "लग्नात पोरीच्या अंगावर हीच पाहिजे," असं म्हणून ती गेली, आणि पदरावर तुपाचा पंजा राहिला.

झुंबरबाई म्हणजे काकासाहेबांची बायको. तिनं गुपचूप गोजरबाईला बोलावलं. गोजरबाईनं पदर उजेडात धरला, डाग हुंगला.

"निघतो," ती म्हणाली. "रिठ्याच्या पाण्यात. दमादमानं, सावलीत. पाच दिवस लागतेल."

"लग्नाला सहाच दिवस हायेत."

"मंग एक दिवस शिलकीत हाये."

पण काकासाहेबांना पाच दिवस खपेनात. ते त्याच दिवशी जालन्याहून परतले होते आणि सोबत पत्र्याचा एक मोठा डबा होता, वर निळा कागद चिकटवलेला. तिथं साबणवाल्या बद्रीनारायणच्या कारखान्यात त्यांनी नवलाई पाहिली होती. त्यानं या डब्यातला सुपारीएवढा खडा पेल्यातल्या पाण्यात टाकला होता आणि पेला हातात धरवेना इतका तापला होता. कास्टिक म्हणतात त्याला. बद्रीनारायण पुढं म्हणालाही होता, की हे साबण करायला असतं, हाताला लावायचं नाही, पाणी वरून ओतायचं नाही. पण काकासाहेब पेल्यालाच भुलले होते. जितकी गरमी जास्त तितका सोडा अव्वल! आपलाच शोध जालन्याला खरा ठरलेला पाहून त्यांना भरून आलं होतं.

"हे पाच दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं," त्यांनी अंगणात डबा आपटला. "घे, गोजरे. हात लावून पहा माल."

गोजरबाईनं बोट ओलं करून एका खड्याला जेमतेम टेकवलं. बोट बुळबुळीत झालं आणि मग चावल्यासारखं झोंबलं. तिनं ते घाईनं रांजणातल्या पाण्यात धुतलं, पुन्हा धुतलं. आपल्याच कातडीचा साबण होत होता, हे तिला शब्दांत सांगता आलं नसतं. पण तिचा हात समजायचं ते समजला.

"काकासाहेब, ह्याला सोडा कुणी म्हणलं? हे कातडं खातं. सुताची वाट लागंल, अन् रेशमाचं तर नावबी काढू नका."

"तुला काय समजतं? गरमी पहा ह्याची, गरमी!"

"गरमी चुलीतबी हाये. पैठणी चुलीत टाकता का?"

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. काकासाहेबांनी गोजरबाईला अंगणाच्या बाहेर उभं राहायला सांगितलं आणि धोतराचा काचा मारला. आता सायन्स स्वतः कामाला लागलं. परीट भट्टीला कपडे लावताना थरांवर सोडा भुरभुरतात, ते त्यांनी लांबून पाहिलं होतं. तसंच करायचं ठरलं. तांब्याच्या घंगाळात पैठणी ठेवली. तिच्यावर डब्यातले खडे ओंजळभर, चांगले शिगोशीग रचले. रामराव बराबर म्हणाला. मग काकासाहेबांनी, पुढं वाकून नीट बघता यावं म्हणून नाक घंगाळावर नेऊन, वरून तांब्याभर पाणी ओतलं.

घंगाळ फसफसलं, खदखदलं आणि थुंकलं. वाफेचा लोट उठला. उकळता खार काकासाहेबांच्या उजव्या हातावर, गालावर आणि मिशीवर उडाला. सर्वज्ञांचा मुकुटमणी बोकडासारखा ओरडला. रामराव पहिल्यांदाच काही न बोलता पळाला.

झुंबरबाई तुपाची वाटी घेऊन धावली. "तूप नका लावू! आधी पाणी!" म्हणत गोजरबाई अंगणात घुसली. तिनं काकासाहेबांच्या मानगुटीला धरलं, ओढत बैलांच्या हौदाशी नेलं आणि तोंड आणि हात आत बुडवले. ते वर आले की पुन्हा बुडवले. ते शिव्या देत होते, ती बुडवत होती. पाणी बुळबुळायचं थांबेपर्यंत, हौदाची सावली हातभर सरकेपर्यंत तिनं सोडलं नाही. डोळे वाचले. हाताला फोड आले, गालावर डाग राहिला, आणि डाव्या बाजूची मिशी हौदातच राहिली.

मग काठीनं पैठणी उचलून पाहिली. काठीला मोरपंखी शेंबडासारखं काहीतरी लोंबलं आणि घंगाळात परत पडलं. वर राहिलं जरीच्या तारांचं जाळं, वीतभर रुंदीचं. झुंबरबाई तिथंच खाली बसली.

आता एखाद्या माणसानं काय केलं असतं? डोळे वाचवणारीला दोन शब्द बोलला असता. काकासाहेबांनी दोन दिवस पडून विचार केला. व्याही मोठे लोक. त्यांच्यापुढं आपण मूर्ख ठरणं म्हणजे खानदानाला बट्टा. परटीण मूर्ख ठरली तर कुणाचं काय जातं? म्हणून हाताचं कारण ठरलं बुंदीच्या कढईतलं तेल. उरलेली अर्धी मिशी कचरू न्हाव्याकडून उतरवली आणि ती नवसाला दिली असं ठरलं. आणि पैठणी? ती गोजरबाईनं जाळली. तिच्या नेहमीच्या सोड्यात, जादा टाकून. निळ्या कागदाचा डबा या गावात कधी आलाच नव्हता. रामरावानं गावभर हेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं गोजरबाईच्या दारात उभं राहून निरोप दिला. "वेशीवर विहीणबाई येतील तव्हा सगळ्यांसमोर पाय धरायचे अन् चुकी झाली म्हणायचं. काकासाहेब माफ करतेल. न्हाईतर पायघड्यांना बदनापूरचा परीट येतोय. घाटबी त्यालाच."

पायघड्यांचा मान परटाचा. विहीण गावात आली की परीट वेशीपासून मांडवापर्यंत धुतलेली धोतरं जमिनीवर अंथरत नेतो, मागचं उचलून पुढं टाकतो, आणि विहीण मातीला पाय न लावता मांडवात येते. पण गोजरबाईच्या जिवाला घोर लागला तो त्या मानापेक्षा मोठ्या गोष्टीचा. नवरीची पैठणी जाळणारीच्या हाती उद्या गावात कोण लुगडं देणार? तीस वर्षांचा हात एका खोट्या वाक्यानं फुकट जाणार होता.

"धर ना पाय," कारभारी काकुळतीनं म्हणाला. "घाट तरी राहील."

"न जाळता जाळलं म्हणू?"

"म्हण ना. त्यात काय जातं?"

"हात जातो," गोजरबाई म्हणाली. "माझा. बाकी काय हाये माझ्यापाशी?" आणि तिला रडू आलं. ती फार क्वचित रडायची, आणि रडली की तिला स्वतःचा राग यायचा. तिनं डोळे पुसले, झुंबरबाईच्या मागच्या दारी गेली आणि म्हणाली, "वहिनी, त्यो डबा कुठं हाये?"

झुंबरबाईनं उकिरड्याकडं बोट दाखवलं. सांगून टाकायची तिची हिंमत नव्हती, पण बोट दाखवायची होती. उरलेले चार-सहा खडे गोजरबाईनं माळावर खोल खड्ड्यात पुरले. डबा सात पाण्यांनी धुतला, उन्हात कोरडा केला. वरचा निळा कागद मात्र जपला. मग ती कचरू न्हाव्याकडं गेली आणि थोडा वेळ बोलून परत आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, ऊन कललं तेव्हा, तीर्थपुरीच्या बैलगाड्या वेशीवर लागल्या. नंदाबाई उतरली. ठसठशीत बाई, आवाजाला धार. सगळा गाव जमला होता. काकासाहेब बिनमिशीचे, हात फडक्यात बांधलेला, आणि शेजारी रामराव. नंदाबाईनं पहिल्या तोंडालाच पैठणीचं विचारलं. काकासाहेबांनी सुस्कारा टाकला.

"काय सांगू विहीणबाई. आमच्या परटिणीनं जाळली. म्या शंभरदा सांगितलं, सोडा नको, रेशीम हाये, रिठा वापर. अडाण्याला सायन्स कुठून समजंल?"

"बराबर," रामराव म्हणाला.

तेवढ्यात गर्दी फाकली. गोजरबाई आली. खांद्यावर धुतलेल्या धोतरांची चळत, डोक्यावर पाटी. काकासाहेबांना वाटलं, आली पाय धरायला. ते जरा पुढं होऊन उभे राहिले. गोजरबाईनं पाटी मारुतीच्या पारावर उतरवली आणि त्यातल्या तीन परळ्या, मातीची पसरट भांडी, ओळीनं मांडून पाण्यानं भरल्या.

"विहीणबाई," ती म्हणाली, "म्या जाळली असंल तर हा घाट सोडते, लेकराबाळांसगट. पण आधी माझा सोडा पहा. काकासाहेब, तुमीबी पहा. पारख तुमचीच हाये म्हणतेत. घाला हात."

सगळा गाव बघत होता. काकासाहेबांनी हसून डावा हात पहिल्या परळीत घातला. गोजरबाईनं त्यात काचेसारखे खडे सोडले.

"काय वाटतं?"

"गार."

"पाणी पिलेला सोडा. हा दुसरा." दुसऱ्या परळीत काकासाहेबांनी हात घातला आणि तिनं कोरडी पूड सोडून ढवळली.

"कोमट," काकासाहेब म्हणाले. त्यांना आता मजा येऊ लागली होती. "विहीणबाई, हीच ती पारख. म्या काढली. जितकी गरमी..."

नंदाबाईनं स्वतः दोन्हीत बोटं बुडवून पाहिली आणि मान हलवली. गोजरबाईनं पाटीतून फडक्याखालचा डबा काढला. निळ्या कागदाचा. रामरावाचं तोंड उतरलं.

"हा कुणाचा?" नंदाबाईनं विचारलं.

"म्या जन्मात पाहिला न्हाई," काकासाहेब म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"मंग चांगलंच," गोजरबाई म्हणाली. "घाला हात तिसरीत."

तिनं डब्यात हात घातला, मूठभर पांढरे खडे काढले आणि तिसऱ्या परळीवर नेले. पाण्यात सोडलेसुद्धा नव्हते. काकासाहेब पाराच्या कडेवरून मागं उडाले, रामरावावर आदळले, बांधलेला हात तोंडावर धरला.

"लांब हो! उडंल! तोंडावर उडंल ते!"

बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. गोजरबाईनं खडे शांतपणे परळीत सोडले, त्यात स्वतःचा हात मनगटापर्यंत बुडवला आणि चांगला घुसळला. मग एक खडा उचलून गालावरून फिरवला.

"तुरटी हाये, काकासाहेब," ती म्हणाली. "कचरूनं दिली. मिशी उतरल्यावर तुमाला हीच लावली व्हती ना? ही उडत न्हाई. पण जो डबा जन्मात पाहिला न्हाई त्यातलं तोंडावर उडतं, हे तुमाला कसं ठाऊक?"

मागून कचरू न्हाव्यानं आधी हसू फोडलं, मग गावानं. काकासाहेबांनी रामरावाकडं पाहिलं. रामराव पायातल्या जोड्याकडं बघत होता. बराबर म्हणायला जागाच नव्हती. नंदाबाई हसली नाही. तिनं काकासाहेबांच्या नवसाच्या ओठाकडं, मग बांधलेल्या हाताकडं, मग गालावरच्या डागाकडं सावकाश पाहिलं आणि तिला सगळी पैठणी समजली.

"व्याही," ती म्हणाली, "पोर गुणाची हाये, लग्न ठरल्यापरमाणं व्हईल. पैठणीचं राहू द्या. पण पायघड्या हीच बाई टाकंल. न्हाईतर मी गाडीतून उतरले न्हाई असं समजा."

गोजरबाईनं पायघड्या टाकल्या. कारभारी मागची धोतरं उचलून देत होता. शुभ्र, कडक, निळीच्या हलक्या झाकेची धोतरं. नंदाबाई त्यांवरून चालली तेव्हा गोजरबाईनं मान वर करून कुणाकडं पाहिलं नाही. नजर कापडावर, सुरकुती पडू नये म्हणून. मांडवाच्या दारात पायघड्या संपल्या. रीत अशी, की तिथं नवरीच्या बापानं स्वतःच्या हातानं परटिणीला लुगडं द्यायचं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बांधलेल्या हातानं, काकासाहेबांनी तिच्यापुढं लुगडं धरलं.

गोजरबाईनं ते घेतलं, घडी मोडली, काठ बोटांत चोळून पाहिला. साधं सुती लुगडं होतं.

"रेशमी न्हाई दिलं ते बरं केलं, काकासाहेब," ती म्हणाली. "तुमच्या घरात रेशीम टिकत न्हाई."

पुढं बारा वर्षांनी निजामाचं राज्य गेलं तेव्हा काकासाहेब चावडीवर स्वातंत्र्याबद्दल बोलू लागले, कारण बोलायचं कशाबद्दल हा त्यांना कधी प्रश्नच पडला नाही. खादीची पांढरी टोपीही आली. ती धुवायला मात्र ते गड्याच्या हातून पाठवायचे, स्वतः घाटाच्या वाटेनं कधी गेले नाहीत. गोजरबाई ती टोपी इतर कपड्यांसारखीच धुवायची, आणि निळ्या कागदाच्या डब्यात तिची निळीची पुडी ठेवलेली असायची.